पाव्हणं, आज वार कोणता?

वाशीत चांगलं जेवण कुठं मिळतं, असं मोबाईलला विचारलं की तो लगबगीनं नवी मुंबईला नेऊन सोडतो. मॉलमधली उपाहारगृहं, मालवणी खाणावळी, चायनीज, पंजाबी, सगळं नकाशावर टिंबांनी हजर. विचारणारा मात्र उभा असतो धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एसटी स्टँडवर, त्या मॉलपासून तीनशेहून जास्त किलोमीटर आत, बालाघाटाच्या माळावर. दोन वाश्यांपैकी गिऱ्हाईक कोणत्या वाशीत उभं आहे, हे ओळखायच्या फंदात मोबाईल पडत नाही. जिथं हार्बर लाइन जाते ती त्याची वाशी. तहसील कचेरी आणि आठवड्याचा बाजार असलेली ही दुसरी वाशी त्याच्या खिजगणतीत नाही.

मग माणसाला विचारणं आलं.

"मामा, हितं जेवायला कुठं मिळंल?"

"कुणाकडं आलाव?"

"कुणाकडं नाही. असंच."

"असंच?"

या 'असंच'वर टपरीवरची दोन-तीन डोकी वर होतात. वाशीत माणूस कोर्टाच्या कामाला येतो, सात-बाऱ्याला येतो, सोयरीक बघायला येतो, गेलाबाजार विमा विकायला येतो. असंच कुणी येत नाही. आणि आलाच, तर त्याला हॉटेलचं नाव सांगणं हा गावाच्या इभ्रतीचा प्रश्न होतो. पाव्हणा हॉटेलात जेवला म्हटल्यावर गावात चुली पेटत नाहीत काय, असं उद्या पारगावचा माणूस विचारेल. म्हणून उत्तराऐवजी प्रश्न येतात. खाता का? (काय, ते विचारायचं नसतं, इकडं 'खाणं' म्हटलं की बोकड गृहीत असतो.) थांबणार किती दिवस? आणि सगळ्यात महत्त्वाचा: आज वार कोणता?

या शेवटच्या प्रश्नात इथली सगळी खाद्यसंस्कृती आली. युरोपातल्या जुन्या शहराचं प्रवासपुस्तक उघडलं की ते 'कुठं' या एका शब्दावर चालतं. अमुक गल्ली, तमुक चर्चच्या मागं, निळं दार, शंभर वर्षं तीच खाणावळ, तोच पदार्थ, बहुधा तोच वेटर. वाशीच्या मुलखात पत्ता कामाचा नाही, पंचांग लागतं. चांगलं जेवण इथं एका जागी बसत नाही. चैत्रात ते यात्रेत असतं, आषाढात वस्तीवर, थंडीत हुरड्याच्या शेतात, सप्ताहात मंडपाखाली. चुकीच्या दिवशी योग्य ठिकाणी पोचलेला माणूस उपाशी राहतो. योग्य दिवशी चुकून कुठंही पोचलेला माणूस पोट धरून परत येतो.

याची जाण फ्रान्समधल्या टायर कंपनीला नव्हती. मिशेलिननं १९०० साली मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढली, फुकट वाटली. हेतू साधा होता: लोक गाड्या जास्त फिरवतील, टायर झिजतील, नवे घेतील. १९२६ पासून तिनं हॉटेलांना तारे द्यायला सुरुवात केली. पुढं ताऱ्यांचा हिशेबही ठरला. एक तारा म्हणजे चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. टायर विकणाऱ्यानं जेवणाची पारख करावी, याचं साहेबाच्या मुलखात आजही कौतुक चालतं. सोलापूर-धुळे महामार्गावर ही व्यवस्था पुस्तकाशिवाय चालू आहे. पंक्चरवाला शेड टाकतो, शेजारी धाबा उभा राहतो. चाक खोलून ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता पंक्चरवाला सांगतो की या धाब्यावर शेव-भाजी घ्या, मटण घेऊ नका. मटणाला पुढल्या फाट्यावर जा, पण आचारी बदलला का ते आधी विचारा. मिशेलिनचा परीक्षक ओळख लपवून येतो आणि बिल देऊन जातो. पंक्चरवाल्याची ओळख अख्ख्या मार्गाला आहे आणि बिलाचा विषय सहसा निघत नाही. पण मत स्पष्ट, ताजं आणि कालच्या रात्रीच्या अनुभवावर आधारलेलं.

जिल्ह्यात पारख करायची परंपराही जुनी आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं ते ठरवलं, आणि खुद्द नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. त्या परंपरेतल्या लोकांना ताऱ्यांचं फार वाटत नाही.

तेरचा विषय निघालाच आहे तर युरोपचा हिशेब तिथंच मिटवून टाकलेला बरा. आज तेर हे तेरणा नदीकाठचं गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं व्यापारी शहर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तकडच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. तीत पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आहेत. तगरचं सुती कापड बैलगाड्यांनी, वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदराला जायचं, असं तो लिहितो. रस्त्यांविषयीचा हा शेरा आजही काही ठिकाणी जसाच्या तसा छापता येईल. त्याच भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत दारू आहे, आणि तीही जमली तर इटलीची. कापड घेऊन गेलेल्या गाड्या परत येताना काय घेऊन आल्या, हे त्या व्यापाऱ्यानं नोंदवलं नाही. गाडीवानांनी घरीही सांगितलं नसावं.

इटलीत त्या वेळी जेवणखाणाचं काय चाललं होतं, हे मात्र चांगलं ठाऊक आहे. कारण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई गाव राखेखाली बंद झालं, ताटातल्या घासासकट. तिथं १९३८ साली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय घडणीची आहे आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला मिळालेली आहे. ती तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची शान आहे. म्हणजे धाराशिवकडचं सामान पॉम्पेईच्या घरात पोचलं असण्याची शक्यता आहे, आणि ज्या गावात ते पोचलं तिथली लोकं जेवायला कुठं जात होती, तर रस्त्यावरच्या टपरीवर. पॉम्पेईत अशा टपऱ्या गल्लोगल्ली होत्या. दगडी कट्टा, कट्ट्यात बसवलेले रांजण, रांजणात कालवण. यातली एक टपरी २०२० मध्ये पूर्ण उकरली गेली. कट्ट्याच्या दर्शनी भागावर कोंबडा आणि बदकं रंगवलेली होती, आणि रांजणांच्या तळाशी बदक, डुक्कर, मासे, गोगलगायी आणि शेळी यांचे अवशेष मिळाले.

शेळी! आणि दर्शनी भागावर चित्र! महामार्गावरच्या कोणत्याही धाब्याच्या पाटीवर हसरा बोकड आणि तुरेबाज कोंबडा रंगवलेला असतो. ज्याला कापायचं त्यालाच हसताना दाखवायचं, ही कल्पना रोमनांची का आपली, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हरकत नाही. गोगलगायीचा भाग तेवढा वाशीकर सोडून देईल.

कारण शेळीच्या बाबतीत इथं तडजोड नसते. उस्मानाबादी ही देशातल्या नावाजलेल्या शेळ्यांच्या जातींपैकी एक. रंग बहुतेक काळा, अंगकाठी उंच, दुष्काळात काट्याकुट्यावर तग धरणारी, आणि एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देणारी. जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद पडलं ते हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून १९३७ मध्ये 'टाइम'नं त्याला मुखपृष्ठावर घेतलं, आणि काटकसरीच्या त्याच्या गोष्टी त्याच्या हयातीतच चघळल्या गेल्या. अशा माणसाचं नाव एकाला दोन देणाऱ्या शेळीला चिकटावं, हा योग चांगलाच म्हणायचा. २०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेडं बदलली. शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिच्याकडं कुणी ठराव घेऊन गेलं नाही, आणि गेलं असतं तर तिनं तो खाल्ला असता.

ही शेळी धाब्यावर मिळते, पण ती खरी भेटते कंदुरीत. नवस फेडायचा, देवाला किंवा पिराला बोकड द्यायचा आणि गावाला जेवू घालायचं. मराठवाड्यात कंदुरी हिंदूंचीही असते आणि मुसलमानांचीही. जेवणाऱ्यांच्या यादीत हा फरक दिसत नाही. शेतात दगडांच्या चुलीवर मोठी पातेली चढतात. स्वयंपाक गडी करतात, आणि एरवी घरी पाण्याचा तांब्या उचलून न घेणारे हे गडी त्या दिवशी मिठाच्या चिमटीवरून तासभर वाद घालतात. काळ्या मसाल्याचा लाल तवंग आलेला रस्सा, ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी, कांदा. भाकरी चुरून रस्श्यात कालवायची, हाताच्या पंजानं बांध घालायचा आणि वाढपी येण्याआधी रस्सा पत्रावळीबाहेर पळू द्यायचा नाही. चमचा मागणाऱ्याला कुणी हसत नाही, पण त्याची माहिती तालुकाभर पोचते.

आता न खाणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी याच मुलखात कुंथलगिरी आहे.

कुंथलगिरी शेजारच्या भूम तालुक्यात. जैनांचं सिद्धक्षेत्र. देशभूषण आणि कुलभूषण या मुनींना इथं मोक्ष मिळाला, अशी श्रद्धा. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथंच सल्लेखना घेतली, अन्नाचा त्याग करून देह ठेवला. वैराग्याचं इतकं मोठं ठिकाण, आणि बाकी महाराष्ट्राला ते ठाऊक आहे पेढ्यामुळं. यात डोंगराचा काही दोष नाही. भूम-वाशीची जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरटी जनावरं. दूध भरपूर, पण ते घेऊन जाणार कुठं? दूध नासतं, खवा त्यापेक्षा बरा टिकतो. म्हणून गावोगाव खव्याच्या भट्ट्या पेटल्या. पसरट कढईत दूध ओतायचं आणि ते आटेपर्यंत उलथनं थांबू द्यायचं नाही. थांबलं की करपलं. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. तो पुण्याकडं जातो, हैदराबादकडं जातो, आणि तिथं गुलाबजाम होऊन दुसऱ्याच्या नावानं मिरवतो. आता कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा निदान कागदावर तरी माहेरचं नाव लागलं.

पेढा घ्यायचा तर महामार्गावर वाशी तालुक्यातल्या सरमकुंडी फाट्याला थांबावं. पेढा तपकिरी, खरपूस भाजलेला, रवाळ. साखर आहे, पण दुधाला बोलू देते. फाट्यावर दुकानं ओळीनं आहेत आणि पाट्यांची भाषा एकमेकींना ऐकू जाईल अशी: जुने, सर्वांत जुने, अस्सल, एकमेव. एकमेवच्या शेजारी दुसरं एकमेव. गिऱ्हाईकानं गोंधळू नये म्हणून प्रत्येक जण चव बघायला एक पेढा हातावर ठेवतो, आणि असा अभ्यास करत जो ओळीच्या टोकाला पोचतो त्याला विकत घ्यायची गरज उरत नाही. तरी लोक अर्धा किलो घेतातच. लाज म्हणून एक गोष्ट अजून शिल्लक आहे.

क्षेत्रावर दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा जैन शिरस्ता. महामार्गावरचे धाबे मात्र दिवस मावळला की डोळे चोळत उठतात. त्यामुळं नीट आखणी केली तर एकाच संध्याकाळी सात्त्विक आणि तामस अशी दोन जेवणं होऊ शकतात, आणि ती करणारे महाभाग आहेत.

थोडं पुढं तेरखेडा लागतं. मराठवाड्यात दिवाळीचे फटाके म्हटले की तेरखेड्याचं नाव निघतं. फटाक्यांचे कारखाने आणि दुकानं हीच गावाची ओळख. जेवणाच्या लेखात ते एवढ्याचसाठी, की दिवाळीच्या आधी पोरांना घेऊन आलेली कुटुंबं आधी फटाके घेतात, मग उरलेल्या पैशात जेवतात. फटाके आधी हा क्रम पोरं ठरवतात. बाप पिठलं-भाकरी मागवतो आणि ते आपलं आवडतं असल्याचं जाहीर करतो.

प्यायचं काय, हा युरोपातल्या प्रवासपुस्तकांचा अर्धा भाग असतो. कोणत्या टेकडीची द्राक्षं, कोणतं साल, कोणत्या ग्लासात. वाशीत पिण्याच्या पदार्थांत पहिला मान पाण्याचा. त्याचीही चर्चा तितक्याच बारकाईनं होते: हे बोअरचं, हे विहिरीचं, हे जारचं, हे टँकरचं; हे यंदाचं, ते गेल्या उन्हाळ्यातलं. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. ज्या मुलखानं रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय तिथं पाव्हण्यापुढं पहिल्यांदा तांब्या येतो तो काही उगाच नाही. घरातलं माणूस जुनं असलं तर सोबत गुळाचा खडाही येतो.

पाण्यानंतर चहा. चहाला वार लागत नाही, वेळ लागत नाही, ओळखही लागत नाही. साखर न विचारता घालतात, आणि बिनसाखरेचा मागणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी अख्खी टपरी करते. मधुमेह असल्याचं कळलं की एकाला झाडपाल्याचं औषध माहीत असतं, दुसऱ्याला बार्शीचा डॉक्टर. चहाबरोबर सुशीला मिळाला तर सोडू नये. भिजवलेले चुरमुरे, वर कांदा, मिरची, हळद, शेंगदाणे यांची फोडणी. पोह्यांचा हा मराठवाड्यातला चुलतभाऊ पुण्या-मुंबईच्या नाश्त्याच्या पाट्यांवर फारसा दिसत नाही, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसावं. उन्हाळ्यात रसवंतीवर उसाचा रस, घरी ताक. बाकी पेयांची सोय महामार्गालगत भरपूर आहे. त्यांची माहिती पाव्हण्यानं विचारायच्या आधीच कुणीतरी हळू आवाजात देतं.

तर पंचांग. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा: पालं, भजी, गोडीशेव, रेवड्या, आणि धुळीचा एक थर सगळ्यांवर सारखा. आषाढात वस्त्यांवर बोकडाचं आमंत्रण. श्रावणात ते बंद, आणि उपवासाच्या नावाखाली भगर-आमटी इतकी होते की एकादशीच्या दुपारी वाशीत कामकाज मंदावतं. गावात अखंड हरिनाम सप्ताह असला की घरोघरी भाकरी थापल्या जातात, मंडपात आमटीची कढई उकळते, काल्याच्या दिवशी सगळं गाव पंगतीला. आमटीच्या बादल्या घेऊन धावणारी पोरं 'वाढू का' विचारत नाहीत, वाढतात. नको म्हणायला पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरावे लागतात. तरीही आमटी बोटांच्या फटीतून पडते.

थंडी पडली की हुरडा. शेतात आगटी पेटते, ज्वारीची कोवळी कणसं तीत भाजायची, हातावर चोळायची आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर खायचे. शहराजवळच्या शेतांत आता माणशी दर लावून हुरडा पार्ट्या होतात, सोबत बैलगाडीची फेरी आणि फेटाही मिळतो. वाशीकडं अजून दर विचारला तर शेतकऱ्याला राग येतो. फेटा त्याच्याच डोक्याला असतो, आणि तो द्यायचा त्याचा विचार नसतो.

आणि मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस, वेळ अमावास्या. वाशीला लागून असलेल्या कळंब तालुक्यापासून पुढं लातूरपर्यंत त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. हॉटेलं बंद, दुकानं बंद, कचेरीत खुर्च्या. सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप उभी केलेली, आत लक्ष्मीची पूजा, आणि भोवती घोंगड्यांवर जेवण: तुरीच्या, हरभऱ्याच्या, वाटाण्याच्या ओल्या दाण्यांची पालेभाज्या घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, तिळाची पोळी, आणि मडक्यात आंबवलेली ताकातली आंबील. हॉटेल शोधायला वर्षातला हा सगळ्यात वाईट दिवस. रस्त्याच्या कडेला नुसती गाडी थांबवून आरशात बघितलं तरी बांधावरून हाक येते.

या हाकेला 'जेवून आलोय' हे उत्तर चालत नाही, कारण जेवून आलेलेच सगळे जेवत असतात. पहिल्या शेतात पोटभर होतं. दुसऱ्या शेतात आग्रह म्हणून. तिसरं शेत पहिल्या शेतवाल्याच्या भावाचं, आणि भावाभावांत बांधाचा वाद चाललेला, त्यामुळं तिथं कमी खाल्लं तर पाव्हणा त्या बाजूचा ठरतो. चार वाजता पट्टा सैल करून तो गाडीकडं निघतो, तेव्हा चौथ्या कोपीतून म्हातारी हातात आंबिलीचा तांब्या घेऊन आडवी येते.

"आजी, खरंच जागा नाही."

"जेवू नगं की. कोण जेव म्हणतंय?" म्हातारी तांब्या पुढं करते. "हे प्यायचं हाय. आन् पिऊन झालं की जरा भज्जी चाखून सांग, मीठ बराबर हाय का. सूनबाईनं केलीय."

पाव्हणा चपला काढतो.